मूल गप्प झालंय, चिडतंय: काय पाहावं, काय विचारावं

आई सकाळची फास्ट लोकल पकडते, बाबा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रात्री घरी येतात, मूल शाळा आणि क्लास यांच्यामध्ये कुठेतरी असतं. ठाण्यातल्या अशा घरात मुलातला बदल उशिरा लक्षात येतो, आणि आला तरी ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून दिला जातो. वय तसं असतंच. म्हणून एखाद्या दिवसाचा मूड बघू नका, तो किती दिवस टिकतो ते बघा.

आधी नीट पाहा

दोन आठवडे किंवा जास्त काळ, जवळजवळ रोज, झोप, भूक, अभ्यास, मित्र यांतलं बरंच काही बिघडलं असेल तर ते नैराश्य असू शकतं. या वयात ते रडवेलं दिसेलच असं नाही. पुष्कळदा ते चिडचिडीच्या रूपात दिसतं. कारण सापडत नाही अशी पोटदुखी, डोकेदुखीही असते. दहावीला क्रिकेट बंद झालं तर समजू शकतं, पण मित्र खालून हाका मारत असताना मुलगा खिडकीतही येत नसेल, तर ते वेगळं.

अंगावर स्वतःच करून घेतलेल्या जखमा वारंवार दिसल्या तर ‘लक्ष वेधून घ्यायला करते’ असं म्हणू नका. बहुतेक मुलं हे लपवतात. सहन न होणारी भावना थोपवायचा तो प्रयत्न असतो. त्यामागे मरायची इच्छा असेलच असं नाही, पण पुढचा धोका वाढतो. ‘आईची शपथ घे, परत करणार नाहीस’ याने काही साधत नाही, पुढच्या वेळी मूल सांगत नाही एवढंच.

मग स्पष्ट विचारा

हीच पायरी सगळ्यांना जड जाते. हॉलमध्ये समोर बसवलं की चौकशी सुरू झाल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा तलावपाळीला फेरी मारताना बोला. जे दिसलं तेवढंच सांगा: ‘गेले काही दिवस तू नीट जेवत नाहीस, मैत्रिणींचे फोन घेत नाहीस. मला काळजी वाटतेय गं.’ मग थांबा. शांतता लांबली तरी लांबू द्या. नंतर सरळ विचारा: ‘मरून जावं असं मनात येतं का?’

विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. उलट मुलाला बोलायला जागा मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर ‘तुला काय कमी केलं आम्ही?’ हे वाक्य गिळा. ‘कधीपासून? काही ठरवलं आहेस का?’ हे विचारा. कुणाला सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नका.

तातडी कधी

काही ठरवलं आहे, आधी प्रयत्न झाला आहे, निरोपाची भाषा आहे, आवडत्या वस्तू वाटून टाकल्या जात आहेत: अशा वेळी मुलाला एकटं सोडू नका. घरातली औषधं आणि इजा होईल अशा वस्तू कुलपात ठेवा. 112 या आपत्कालीन नंबरला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. पोलिसांच्या भीतीने घरीच थांबणारे असतात, म्हणून सांगतो: मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरून चालतं, तिला शिक्षा होत नाही.

दार कुठलं ठोठवायचं

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहेच. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था ठाण्यातच आहे. आणि 1901 पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा जुना विनोद आपणच पिढ्यान्‌पिढ्या केला, त्यामुळे तिथल्या ओपीडीची पायरी चढायला ठाणेकरच बिचकतात. ओपीडीत दाखवलं म्हणजे भरती झालं असं नव्हे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत मुलाकडे जास्त लक्ष ठेवा. अस्वस्थता वाढली किंवा मरणाचे विचार बळावले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.