अहमदाबादचा तीन दरवाजा कसा पाहायचा

अहमदाबादला पाहुणे आले की साबरमती आश्रम, अडालजची वाव (पायऱ्यांची विहीर) आणि रात्री माणेकचौक एवढा बेत ठरलेलाच असतो. तीन दरवाजा रिक्षातून दिसतो आणि मागे पडतो. मी शाळेत इतिहास शिकवायचे. मराठी माणूस हा दरवाजा न पाहता परत गेला की मला अजूनही चुटपुट लागते. म्हणून तो नीट कसा पाहायचा, ते सांगते.

सुरुवात पश्चिमेकडून करा. लाल दरवाजा बसस्थानकावर उतरा, भद्रच्या किल्ल्यापाशी या आणि पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. सुलतान अहमदशहाने 1411 मध्ये शहर वसवलं, भद्र बांधला आणि त्याच्यासमोर मोठं मैदान राखलं: मैदान-ए-शाह. शहरातून त्या मैदानात शिरायची वाट म्हणजे हा दरवाजा. तो 1415 च्या सुमारास पूर्ण झाला. पुष्कळ लोक त्याला शहराच्या तटाचा दरवाजा समजतात, पण तसं नाही. तट पुढे सुलतान महमूद बेगड्याच्या काळात उभा राहिला. दिल्ली दरवाजा, रायपूर, आस्टोडिया हे त्या तटाचे दरवाजे. तट पाडला गेला आणि ते रहदारीच्या मधोमध एकेकटे उरले. तीन दरवाज्याचं काम वेगळं होतं. सुलतानाकडे येणाऱ्याला आपण कुठे पाऊल टाकतोय हे कळावं, यासाठी तो बांधला होता. म्हणून तिथे तोफा कुठे ठेवत असतील, असं शोधत बसू नका. कोरीवकाम पाहा.

आता दरवाज्याकडे चालायला लागा. कपडे, चपला, पर्स, खेळणी यांच्या गर्दीतून वाट काढावी लागेल, पण घाई करू नका. मँडेल्सलो नावाचा जर्मन प्रवासी 1638 मध्ये इथे आला होता. त्याने हे मैदान 1600 फूट लांब आणि त्याच्या निम्मं रुंद असल्याचं लिहून ठेवलंय. भोवती ताड, खजूर, लिंबू आणि संत्र्याची झाडं होती. विस्ताराचा अंदाज डोळ्यांना येत नाही, तो पायांनीच घ्यावा लागतो.

दरवाज्याजवळ पोचलात की आधी कमानी पाहा. मधली 17 फूट रुंद, बाजूच्या दोन 13 फूट आणि उंची 25 फूट. मधली रुंद का, ते तिच्याखाली थांबल्यावर न सांगता कळतं. मग कमानींमधल्या पुढे आलेल्या आधारांवरची नक्षी खालून वर बघत जा. तीच घडण तुम्हाला पुढे इथल्या मशिदींच्या मिनारांच्या पायथ्याशी दिसेल. माथ्यावर पूर्वी छप्पर होतं. 1877 च्या दुरुस्तीत ते काढून गच्ची मोकळी केली.

एका कोनाड्यात दिवा तेवत असतो, तो चुकवू नका. लक्ष्मी रात्री शहर सोडून निघाली, तेव्हा कोतवालाने 'बादशहाची परवानगी घेऊन येतो, तोवर थांब' असं वचन तिच्याकडून घेतलं आणि ती कायमची अडकावी म्हणून स्वतःचं शिर उतरवलं, अशी कथा सांगतात. त्या लक्ष्मीचा हा दिवा एक मुसलमान कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आलंय.

आणि आता ज्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं ते. 1753 मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतलं. तिथून 1817-18 पर्यंत, मधला मोमीनखानाचा आणि नंतर इंग्रजांचा थोडा काळ सोडला तर, इथे मराठ्यांचा अंमल होता. त्या काळातला एक देवनागरी शिलालेख या दरवाज्यावर आहे. मराठी सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचं 10 ऑक्टोबर 1812 चं फर्मान. मुलीला बापाच्या मालमत्तेतला तिचा वाटा बिनअडथळा मिळावा, ही विश्वनाथाची आज्ञा आहे. ती मोडणाऱ्या हिंदूला महादेवापुढे आणि मुसलमानाला अल्ला किंवा रसूलापुढे जाब द्यावा लागेल, असा त्याचा आशय. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा फळ्यावर 1812 च्या शेजारी आणखी दोन सालं लिहायचे. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात 1994 मध्ये झाला आणि देशभर 2005 मध्ये. फर्मान किती पाळलं गेलं हा प्रश्न वेगळा. पण ते कचेरीतल्या दप्तरात बांधून न ठेवता भर बाजाराच्या वाटेवर दगडात कोरलं, याचं मोल मला फार वाटतं.

झिजलेली अक्षरं वाचायची एक रीत आहे. समोरून उजेड टाकला तर सगळं सपाट दिसतं. मोबाईलचा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, म्हणजे खाचांत सावली भरते आणि अक्षर उठतं. फोटोही तसाच काढा, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून उजेड घेऊन. जुन्या लेखांत बहुधा शब्द तोडून लिहिलेले नसतात, तेव्हा आधी ओळखीचं एखादं नाव किंवा आकडा शोधा आणि तिथून दोन्ही बाजूंना सरका. पीठ, खडू, तेल, पाणी यांतलं काहीही दगडाला लावायचं नाही. ही संरक्षित वास्तू आहे, आणि नसती तरी लावू नये.

वेळ सकाळची निवडा, दुकानं उघडायच्या आधीची. तेव्हा पूर्वेच्या अंगावर ऊन असतं आणि कमानीखाली उभं राहता येतं. भद्रच्या बाजूचे फोटो हवे असतील तर मात्र दुपारनंतर यावं लागेल आणि गर्दी सोसावी लागेल. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर इकडे फिरकूच नका.

पाहून झालं की तसेच सरळ पूर्वेला निघा. थोड्याच वेळात 1424 ची जामा मशीद लागते. मैदान, दरवाजा आणि मशीद एका रेषेत येतात, ते तिथून मागे वळून पाहिल्यावर लक्षात येतं. हाताशी आणखी तासभर असला तर परत भद्रला या आणि मुघल सुभेदार आझमखानाची 1637 ची सराई पाहा. तिच्या उत्तरेकडच्या एका खोलीत मराठ्यांच्या काळात भद्रकालीचं देऊळ झालं, आणि आजही तिथे पूजा होते.