लॅटिन किंवा प्राचीन ग्रीक घरबसल्या शिकायचंय? सुरुवात कुठून आणि कशी करायची

ह्या दोन भाषांसाठी नेटवर फुकट इतकं काही पडलंय की लोक नुसत्या पीडीएफ डाउनलोड करत बसतात आणि पहिला धडा काही उघडला जात नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच, की एक पुस्तक, एक डिक्शनरी आणि रोज अर्धा तास, बाकी सगळं नंतर.

आधी भाषा एकच निवडा. होमर किंवा प्लेटोसाठी जीव तुटत असेल तर सरळ ग्रीक घ्या, आधी लॅटिन यायलाच पाहिजे असं काही नाहीये. पण ठरतच नसेल तर लॅटिन बरी, लिपी ओळखीची असते आणि पहिल्याच आठवड्यात वाक्यं वाचता येतात.

लॅटिनसाठी पुस्तक घ्या हान्स ऑर्बर्ग ह्या डॅनिश शिक्षकाचं 'लिंग्वा लातिना पेर से इलुस्त्राता', त्याचा पहिला भाग 'फामिलिया रोमाना'. 35 धडे आहेत आणि सगळं लॅटिनमध्येच, एका रोमन कुटुंबाची गोष्ट चालू राहते आणि नवे शब्द शेजारच्या चित्रांवरून नि टिपांवरून कळत जातात. पहिलंच वाक्य बघा, 'रोमा इन इतालिआ एस्त', म्हणजे रोम इटलीत आहे, क्रियापद शेवटी, अगदी आपल्यासारखं! मग 'पुएल्ला पुएरुम विदेत' म्हणजे मुलगी मुलाला बघते, आणि 'पुएल्लाम पुएर विदेत' म्हणजे मुलीला मुलगा बघतो, शब्द जागचे हलले नाहीत, फक्त प्रत्यय बदलले. आपल्याला हे ऐकताक्षणी पटतं कारण मराठी अशीच चालते. तीन लिंगंही आपल्याकडे आहेतच, आणि शाळेत देव-माला-वन घोकलं असेल तर लॅटिनच्या पाच-सहा विभक्त्यांना घाबरायचं काहीच कारण नाही, खरंच नाही. ज्यांना आधी नियम, मग उदाहरणं असंच आवडतं त्यांनी व्हीलॉकचं पुस्तक घ्यावं, 1956 पासून चालत आलेलं आहे आणि 40 धड्यांत सगळं व्याकरण होतं.

उच्चार पहिल्या दिवशीच ठरवून टाका. जुन्या रोमच्या उच्चारात सी म्हणजे कायम क, त्यामुळे सीझर होतो 'काइसार', आणि चर्चच्या लॅटिनमध्ये तोच होतो 'चेझार'. दोन्ही चालतात, फक्त मिसळू नका. आणि धडा मोठ्याने वाचा, मनातल्या मनात वाचलेलं टिकत नाही.

आता ग्रीक. अक्षरं 24, हाताने लिहून काढली की आठवडाभरात बसतात. इथे मराठी माणसाची खरी चैन आहे. प्लेटोच्या काळातल्या अथेन्समध्ये थीटा, फी आणि खी ही अक्षरं थ, फ, ख अशी श्वास सोडून म्हणायचे, इंग्रजीतून शिकणाऱ्यांना त्यासाठी वेगळा सराव करावा लागतो आणि आपण ती लहानपणापासून म्हणतोय. फक्त 'फ' ओठ मिटून म्हणा, फळातला, फॅनमधला नको. शिवाय संस्कृत केलेल्यांना द्विवचन भेटेल, आत्मनेपदासारखी क्रियापदाची रूपं भेटतील, भूतकाळात धातूच्या आधी लागणारा 'अ' इथे 'ए' होऊन येतो. मला तर ही जुळणी हेच ग्रीक शिकण्याचं सगळ्यात मोठं सुख वाटतं. पुस्तक 'अथेनाझे' घ्या, दिकाइओपोलिस नावाच्या शेतकऱ्याच्या घरची गोष्ट आहे. त्यातली अॅटिक ग्रीक, म्हणजे प्लेटोच्या अथेन्समधली, आधी पक्की केली की बायबलच्या नव्या कराराची ग्रीक सोपी जाते, होमरसाठी मात्र थोडी वेगळी तयारी लागते.

शब्द अडला की दोन ठिकाणं पुरे. टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या पर्सियसवर मूळ ग्रंथ आहेत, कुठल्याही शब्दावर क्लिक केलं की मूळ रूप, काळ, पुरुष, वचन सगळं समोर येतं. आणि शिकागो युनिव्हर्सिटीच्या लोजिओनवर मोठ्या डिक्शनऱ्या एकाच सर्चमध्ये मिळतात, लॅटिनची 1879 ची लुईस अँड शॉर्ट आणि ग्रीकची लिडेल-स्कॉट. पण आधी स्वतः अंदाज बांधा, रूप ओळखायचा प्रयत्न करा आणि मगच क्लिक करा, नाहीतर वर्षभरानंतरही क्लिकशिवाय एक ओळ सुटणार नाही.

शब्दसंग्रहासाठी डिकिन्सन कॉलेजच्या याद्या घ्या, सगळ्यात जास्त येणारे लॅटिनचे साधारण 1000 आणि ग्रीकचे साधारण 500 शब्द. ते अंकी ह्या फ्लॅशकार्डच्या अॅपमध्ये टाकून रोज दहा करा.

पुस्तक संपत आलं की खऱ्या ग्रंथाकडे वळा, लॅटिनमध्ये सीझर, ग्रीकमध्ये झेनोफोन. जेफ्री स्टेडमनच्या फुकट पीडीएफ ह्यासाठी फार कामाच्या आहेत, वर मूळ मजकूर आणि त्याच पानावर खाली शब्दार्थ नि टिपा. लोएब मालिकेची पुस्तकं, हिरवी ग्रीकची आणि लाल लॅटिनची, त्यांत डावीकडे मूळ आणि उजवीकडे इंग्रजी असतं, जुने भाग इंटरनेट आर्काइव्हवर सापडतात. वाचताना उजवं पान कागदाने झाका, परिच्छेद स्वतः लावा, वहीत मराठीत लिहून काढा, आणि मगच कागद उचलून ताडून बघा.