मोठ्या मिशनचा मोह: फर्स्ट लेगो लीगमध्ये या चुका टाळा

सांगली-मिरजेकडचे संघ फर्स्ट लेगो लीगची, म्हणजे मुलांनी लेगोचा रोबोट बनवून खेळायच्या स्पर्धेची, तयारी करतात तेव्हा टेबलावर मॅट पसरल्या पसरल्या मुलं सगळ्यात जास्त गुणांचं मिशन (रोबोटने मॅटवर करायचं काम) शोधतात आणि त्याच्याच मागे लागतात. ही चूक बघून बघून मी कंटाळलो आहे.

एका संघाने दिवाळीची सगळी सुट्टी दूरच्या कोपऱ्यातल्या 30 गुणांच्या मिशनवर घालवली. रोबोटचा हात सुरेख बनवला होता. स्पर्धेत रोबोट वाटेतच किंचित वाकडा झाला आणि हूक दोन बोटं अलीकडे थांबला. पोरांनी रोबोट हाताने उचलून आणला, पुन्हा सोडला, पुन्हा तेच. होमबाहेर (होम म्हणजे रोबोट जिथून सुटतो ती जागा) रोबोटला असा हात लावला की दर वेळी एक प्रिसिजन टोकन जातं. यांची तीन गेली. सहातली पाच राहिली तरी 50 गुण मिळतात, चार राहिली तर 35, तीन राहिली तर 25. म्हणजे 30 मिळवायला गेले आणि हातातले 25 घालवून बसले. फेरीची अडीच मिनिटं संपली तेव्हा होमजवळची सोपी मिशनं तशीच पडून होती.

म्हणून मी प्रत्येक मिशनसमोर तीन आकडे लिहायला लावतो: गुण, लागणारे सेकंद, आणि सलग दहा रनमध्ये ते किती वेळा जमलं. 40 गुणांचं मिशन दहांत तीनदा जमत असेल तर सरासरी 12 पडतात. 20 गुणांचं दहांत नऊदा जमत असेल तर 18. दहांत आठच्या खालचं मिशन पहिल्या फेरीत घ्यायचं नाही. तीन फेऱ्यांतला सर्वोत्तम स्कोअर धरतात, त्यामुळे जुगार खेळायचाच असेल तर एक चांगला स्कोअर पदरात पडल्यावर खेळा.

अटॅचमेंट, म्हणजे रोबोटला लावायचे सुटे हात, बदलण्यात वेळ फार जातो. एका बदलाला दहा सेकंद धरले तर पाच बदलांत 150 पैकी 50 सेकंद गेले. बदल न करता दोन मिशनं होतील असा रस्ता आधी शोधा.

'मोटर तीन सेकंद फिरव' असा प्रोग्रॅम लिहू नका. फुल स्पीडवरचा रोबोट बॅटरी उतरली की तेवढ्याच वेळात कमी अंतर जातो. चाकाचे अंश मोजा आणि जमेल तिथे भिंतीला टेकवून रोबोट सरळ करून घ्या.

चाकांवरची धूळ रोज पुसा. नियमांतले बदल दर आठवड्याला वाचा.

यूट्यूबवरचा रोबोट जसाच्या तसा उतरवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. 'हा गिअर इथे का?' असं परीक्षकांनी विचारलं की मुलं गप्प होतात. रोबोट गेम, म्हणजे टेबलावरचे गुण, हा मूल्यमापनाचा फक्त चौथा हिस्सा आहे. रोबोट डिझाइन, इनोव्हेशन प्रोजेक्ट (एखाद्या प्रश्नावर मुलांनी शोधलेला उपाय) आणि कोअर व्हॅल्यूज (संघ म्हणून वागणं) यांनाही तेवढंच वजन आहे. शेवटच्या आठवड्यात नवीन मिशन हातात घेऊ नका. तो वेळ मुलांना स्वतःचा रोबोट स्वतःच्या शब्दांत समजावून सांगायला द्या.