जगातल्या घडामोडींचा लाइव्ह निर्देशांक वाचताना या चुका टाळा

आकडा एकदम वर गेला की जगात काहीतरी भयंकर घडलं, असं वाटतं. पण असे बहुतेक निर्देशांक बातम्या मोजतात, घटना नव्हे. सगळ्या चुकांचं मूळ हा फरक विसरण्यात आहे.

2014 मध्ये नायजेरियातल्या चिबोकमधून 276 शाळकरी मुलींचं अपहरण झालं. त्यानंतर जीडेल्ट या, जगभरातल्या बातम्या यंत्राने वाचून घटना नोंदवणाऱ्या संग्रहाच्या नोंदींवरून तिथल्या अपहरणांचे आलेख काढले गेले, आणि एकाच अपहरणाच्या बातम्या वेगवेगळी अपहरणं म्हणून धरल्या गेल्या. जीडेल्ट आता दर 15 मिनिटांनी ताजं होतं, पण वाचन यंत्राचंच असतं. म्हणून आकडा उसळला की आधी त्यामागच्या लिंक उघडा. सगळीकडे एकाच वृत्तसंस्थेचा मजकूर असेल तर ती एकच घटना. जुन्या हल्ल्याच्या वर्षपूर्तीचे लेखही त्यात मिसळलेले असू शकतात.

नुसती संख्या कधीच वापरू नका. ऑनलाइन बातम्याच इतक्या वाढल्यात की जग दरवर्षी जास्त पेटलेलं दिसेल. कॅल्डारा आणि याकोव्हिएलो या अर्थतज्ज्ञांचा भूराजकीय जोखीम निर्देशांक वृत्तपत्रांतल्या एकूण लेखांपैकी तणावाचे लेख किती, हे प्रमाण पाहतो. त्यामुळे 1900 पासूनची तुलना शक्य होते. शनिवार-रविवारी बातम्या कमी येतात, तेव्हा रविवारची तुलना रविवारशीच करा.

घटना संघर्षाची की सहकार्याची हे दाखवणाऱ्या गोल्डस्टीन मोजपट्टीचे −10 ते +10 गुण घटनेच्या प्रकाराला मिळतात, व्याप्तीला नाही. दहा जणांची दंगल आणि दहा हजारांची दंगल तिथे सारखीच. जीवितहानी वेगळी पाहावीच लागते.

सगळ्यात घातक चूक शांततेबाबत होते. नोव्हेंबर 2020 मध्ये इथिओपियातल्या तिग्रेमध्ये युद्ध पेटलं आणि फोन-इंटरनेट बंद पडलं. माणसं मरत होती, पण बाहेर बातमी पोहोचणंच अवघड झालं होतं. अशा वेळी बातम्यांवर चालणारा काटा खाली आला तर तो दिलासा समजायचा नाही. त्या प्रदेशापुढे शून्य लिहू नका, रकाना रिकामा ठेवा आणि संपर्क तुटल्याची नोंद करा. माहिती उशिरा आली तर ती आजच्या तारखेत न टाकता घटनेच्या तारखेला जोडा. अ‍ॅक्लेडसारखे संघर्षाच्या घटना नोंदवणारे संग्रह जुन्या नोंदी सतत सुधारतात, त्यामुळे गेल्या महिन्यात उतरवून घेतलेल्या फाइलवर विसंबू नका, ताजी घ्या.