सरड्याच्या अंड्यांची वही

मिरग लागला की सरडे माती उकरतात, असं आई सांगायची. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, कडेला बसून मीही आठ पावसाळे वही भरली. आईचं बरंचसं खरं निघालं. पण रोहिणीतच वळवाचे दोन दांडगे पाऊस झाले, तर मादी मिरगाची वाट बघत नाही. आणि मिरग कोरडा गेला, तर फुगलेलं पोट घेऊन कुंपणावर बसून राहते. तयार अंडी तिला काही काळ पोटातच धरून ठेवता येतात.

म्हणून नुसती तारीख लिहून भागत नाही. सरळ उभ्या कडांचा एक डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी आठला पट्टी घालून मिलिमीटर लिहा. झाडाखाली नको. माझा पहिल्या वर्षीचा सगळा पाऊस माडाच्या झावळीवरून ठिबकलेला निघाला!

त्याहून महत्त्वाची माती. मे महिन्यात आमची जांभ्याची माती विटेसारखी होते, झावळीचा हीर खुपसला तर वाकतो. तो चार बोटं सहज आत गेला, की त्या दिवसापुढे मी ‘हीर गेला’ लिहितो. त्यानंतर उघडीप मिळाली, की डोळ्यांत तेल घालून बसायचं.

बसायचं दहा पावलांवर, आणि हलायचं नाही. मादी एकदोन जागा खरवडून सोडून देते, त्याही लिहा. जागा पटली की पुढच्या पायांनी खड्डा करते. अंडी पांढरी, जांभळाच्या बीएवढी. मग माती लोटून थोबाडाने ठोकून ठोकून दाबते, एखाद्या बाईने जमीन चोपावी तशी. अंड्याचं कवच चिवट, मऊ असतं आणि मातीतला ओलावा पिऊन अंडं फुगतं. कोरड्यात ते सुकतं, पाणी साचलं तर कुजतं. उताराची जागा तिला का आवडते, ते यावरून कळावं.

अंडी उकरून मोजू नका. हळदीच्या वाफ्यात माझ्याच कुदळीने एक घरटं उघडलं. मी अंडी कशीबशी परत पुरली, पण उलटसुलट झालेली त्यातली एकही फुटली नाही.

हा हिशेब सगळ्यांना लावू नका. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या समुद्रकिनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीच्या कोरड्या महिन्यांत येतात. त्यांची अंडी पिकायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात, आणि वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात. कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मगरी उन्हाळ्यात अंडी घालतात. तिथे बॅटरी घेऊन जाऊ नका, ते काम वन खात्याचं.

सरड्याच्या घरट्यापासून हातभर लांब खूण रोवा. अगदी वरच रोवली, तर कोंबड्या तिथेच उकरतात. सहा-सात आठवड्यांनी, नागपंचमीच्या आगेमागे, मातीला बोटाएवढं भोक दिसलं की शेवटचा रकाना भरा.