कथा तोकडी, दृश्यविश्व भव्य: असा चित्रपट कसा पाहावा
२००९ सालच्या ‘अवतार’मध्ये पुढे काय घडणार याचा अंदाज बराच आधी येतो, म्हणून असा कल्पनारम्य चित्रपट मोबाइलवर न पाहता मोठ्या पडद्यावर, शक्यतो मधल्या रांगेत बसून पाहावा. कथानक बाजूला ठेवून पँडोरा या चित्रपटातील काल्पनिक जगाच्या रात्रीच्या जंगलात पावलागणिक उजळणारी जमीन आणि झाडेझुडपे निरखावीत. ही नजर घडविण्यासाठी आधी अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात जावे, कारण तेथील जातककथांचे (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांचे) प्रसंग अनेकदा कालक्रमाऐवजी स्थळांनुसार रंगविलेले असल्याने डोळ्यांना भिंतीवर रेंगाळावेच लागते. दुसऱ्यांदा पाहताना मात्र संवाद नीट ऐकावेत आणि कथेच्या उणिवा मोकळेपणाने मान्य कराव्यात.