बटण बदलण्याआधी हात बघा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर मी १५ वर्षं फिटर आहे. आमच्या मागांची चालू-बंदची बटणं शेजारी-शेजारी, एकसारखी. रात्रपाळीत हात चुकायचा आणि बोलणी कामगाराला बसायची.

असं कुठं दिसलं तर लगेच पाना उचलू नका. पाळीभर नुसतं उभं राहून बघा. विचारत बसू नका. विचारलं की माणूस नियमाप्रमाणंच करून दाखवतो. आमच्या कामगाराची नजर तुटलेल्या धाग्यावर असायची, बटण तो चाचपून शोधायचा. म्हणजे फरक बोटांना कळायला हवा, रंग बदलून भागणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाचे काही वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या झडपा) चाकंच वर घेत, कारण दोन्हींचे खटके शेजारी-शेजारी, एकसारखे होते. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चपानिस यांनी चाकांच्या खटक्याला चाकाचा, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा आकार सुचवला.

मीही तेच केलं. बंदचं बटण मोठं, फुगीर, चालूचं खोलगट. आधी मेन स्विच बंद करून पुठ्ठ्याची बटणं चिकटवली, कामगाराला डोळे मिटून चाचपायला लावलं. तेही पहाटे ४ ला, झोप डोळ्यांवर असताना. दोनदा जागा बदलावी लागली, मग भोकं पाडली.